कर्बाचा फेरा आणि मुलांचा खेळ



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास शाळेंत आले. गृहस्थ शेतकरी, बोलणें मोजकें. कुशल प्रश्न झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, पोरगा घरीं येऊन सांगतो कीं, आज शास्त्राच्या तासाला आम्ही पटांगणावर फांसे टाकले. आम्ही पदरमोड करून मुलाला शाळेंत घालतों, तें फांसे टाकावयास काय?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, आणि ज्या घरीं कापूस विकला जाईपर्यंत वहीसुद्धां उधारीवर आणावी लागते, त्या घराला तो विचारण्याचा पुरा अधिकार आहे. त्यांस मीं तेव्हां जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें पुरें करावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहे.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. कर्बचक्रासारखा विषय मुलांस खेळांतून शिकविणें योग्य आहे, इतकेंच नव्हे तर इष्ट आहे; परंतु खेळ जर खोटा असेल, म्हणजे त्यांतील वेळ व प्रमाण सृष्टींतील वेळेशीं व प्रमाणाशीं जुळत नसेल, तर तो न खेळलेला बरा. हें मत मला पुस्तकांत सांपडलें नाहीं. तें माझ्या स्वतःच्या चुकांतून आलें आहे.

कर्ब म्हणजे ज्यास आपलीं क्रमिक पुस्तकें कार्बन म्हणतात तें मूलद्रव्य. शेतकरी पालकांस हा शब्द परका नाहीं. माती तपासून आणली म्हणजे कागदावर 'सेंद्रिय कर्ब' ह्या नांवाखालीं जो आंकडा येतो, तो ह्याचाच. चुलींतला कोळसा, साखर, कापूस, लांकूड, आपलें रक्त व मांस, ह्या सर्वांत कर्ब आहे. झाड हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायूंतून तो घेतें आणि सूर्यप्रकाशाच्या साह्यानें त्याची साखर व लांकूड बनवितें. प्राणी तें खातो आणि श्वासावाटे कर्ब हवेस परत देतो. पाला कुजला म्हणजे कांहीं कर्ब मातींत राहतो, कांहीं हवेंत जातो. समुद्राचें पाणी हवेंतून तो शोषतें आणि परतहि सोडतें. ह्या अखंड देवघेवीस कर्बचक्र म्हणतात.

पुस्तकांत ह्याचें एक चित्र असतें. मुलें तें रंगीत पेन्सिलींनीं सुंदर काढतात, बाणांस बिनचूक नांवें देतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवितात. एके वर्षीं असें चित्र काढणाऱ्या मुलांस मीं खिडकींतून चिंचेचें झाड दाखवून विचारलें, "ह्या खोडांतील एवढें लांकूड कोठून आलें?" वर्गांतील बहुतेकांनीं उत्तर दिलें, "मातींतून." मला आपल्या अध्यापनाची लाज वाटली. व्हान हेल्मोंट नांवाच्या विद्वानानें विलोचें रोप कुंडींत लावून पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें होतें. झाडाचें वजन सुमारें 164 पौंड वाढलें आणि माती अवघी दोन औंस कमी भरली. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर 1648 सालीं प्रसिद्ध झाला. त्यास वाटलें, झाड पाण्याचें बनलें. पुढें 1771 सालीं जोसेफ प्रीस्टले ह्यानें मेणबत्ती विझलेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली, आणि कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळते हें दाखविलें. झाडाचा आणि हवेचा संबंध तेव्हांपासून उलगडूं लागला. इतकीं वर्षें लोटलीं, तरी आमच्या मुलांचें झाड अद्याप मातीचेंच! बाण काढतां येणें आणि बाणाचा अर्थ कळणें ह्यांत केवढें अंतर असतें, तें मला त्या दिवशीं कळलें.

तेव्हां मीं खेळाकडे वळलों. पाण्याच्या फेऱ्याचा असा एक फांशांचा खेळ अमेरिकेंतील 'प्रोजेक्ट वेट' ह्या शिक्षणोपक्रमानें रचलेला आहे. त्यांत प्रत्येक मूल पाण्याचा रेणु होऊन हिंडतें. तीच रीत मीं कर्बाकरितां उचलली. पटांगणावर चुन्यानें आठ वर्तुळें आंखलीं : हवा, वनस्पति, प्राणी, माती, समुद्राचा वरचा थर, खोल समुद्र, खडक आणि कोळसा. प्रत्येक मूल म्हणजे कर्बाचा एक अणु. प्रत्येक वर्तुळांत पुठ्ठ्याचा एक मोठा फांसा. त्याच्या सहा अंगांवर आंकड्यांऐवजीं आज्ञा लिहिलेल्या : 'पानांत जा', 'श्वासावाटे हवेंत जा', 'येथेंच राहा'. शिटी वाजली कीं फांसा टाकावा, तो सांगेल तेथें जावें, आणि कोठून कोठें व कशामुळें गेलों तें वहींत एका ओळींत लिहावें. वीस शिट्ट्यांनंतर प्रत्येकाच्या वहींत एका अणूचा प्रवासवृत्तांत तयार होतो.

पहिल्या वर्षीं मीं सर्व फांसे एकाच मापाचे केले. मुलें खडकांतून तीन शिट्ट्यांत बाहेर पडत, खोल समुद्रांतून चार शिट्ट्यांत वर येत, आणि कोळशांतून हवेंत जाणें हें पानांतून हवेंत जाण्याइतकेंच सोपें होतें. मुलें आनंदलीं, मीहि आनंदलों. परंतु दुसऱ्या दिवशीं एका मुलीनें मला एकीकडे गांठून हळूच विचारलें, "सर, आपण श्वास सोडतों तो कर्ब हवेंत जातो, आणि कोळसा जाळला तर तोहि हवेंतच जातो. मग पृथ्वी तापते ती आमच्या श्वासानेंहि तापते काय?" तिच्या चेहऱ्यावर खरोखरीच अपराध्याचा भाव होता. दोष तिचा नव्हता. सर्व वाटा सारख्याच, हें माझ्या खेळानेंच तिला शिकविलें होतें.

वास्तविक आपल्या श्वासांतील कर्ब हा काल खाल्लेल्या भाकरीचा. आणि भाकरीच्या ज्वारीनें तो गेल्या हंगामांत हवेंतूनच घेतलेला. घेतला तेवढा परत दिला, हिशेब मिटला. कोळशाचें तसें नाहीं. आमच्या विदर्भांतील वर्धा नदीच्या खोऱ्यांत जो कोळसा निघतो, तो पंचवीस ते तीस कोटि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा आहे. तो कर्ब चालू खात्यांतून केव्हांच बाहेर पडलेला. तो खणून जाळणें म्हणजे जमिनींत पुरलेली ठेव काढून एकदम बाजारांत ओतणें होय. ज्या मुलाला हा भेद कळला नाहीं, त्याला कर्बचक्र कळलें नाहीं. आणि अर्धवट कळल्यामुळें आपल्या श्वासाचीच भीति वाटूं लागली, तर आपण त्याला शहाणें करण्याऐवजीं भ्याड केलें.

दुसऱ्या वर्षीं फांसे नवे केले. कोळशाच्या फांशावर सहाहि अंगांस एकच वाक्य लिहिलें : 'येथेंच राहा.' दहा मुलांस त्या वर्तुळांत उभें केलें. आठव्या शिटीला त्यांतील एकजण रडकुंडीस आला. "सर, माझा खेळच होत नाहीं! सर्वांच्या वह्या भरल्या, माझी कोरी!" मीं म्हटलें, "बाळ, तुझ्या वहीइतकी खरी वही ह्या पटांगणावर दुसरी नाहीं. पंचवीस कोटि वर्षें तूं असाच बसला आहेस."

मग अकराव्या शिटीपासून नियम बदलला. आतां 1750 सालानंतरचें जग सुरू झालें, असें सांगून प्रत्येक शिटीला कोळशांतील एकेकास हात धरून हवेंत आणलें. तेथून पुढें त्यानें इतरांसारखा फांसा टाकावा. कोणी झाडांत गेला, कोणी समुद्रांत; परंतु हवेचें वर्तुळ मुद्दाम लहान आंखलेलें होतें, आणि सोळाव्या-सतराव्या शिटीला त्यांत पाय ठेवावयास जागा उरेना. तेव्हां कोणीं न सुचवितां एक मुलगा ओरडला, "अरे, परत कोळशांत जाण्याचा फांसा कोठें आहे?" असा फांसा पटांगणावर नव्हता. तासभर व्याख्यान देऊन जें मला साधलें नसतें, तें त्या एका प्रश्नानें साधलें.

त्यानंतर मीं फळ्यावर आंकडे लिहिले. कोळसा, तेल व वायु जाळून मनुष्यजात हल्लीं दरवर्षीं सुमारें 10 अब्ज टन कर्ब हवेंत सोडते. त्यांतील अर्ध्याच्या आसपास वनस्पति, माती व समुद्र मिळून शोषतात, आणि उरलेला हवेंतच सांचतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारें 280 भाग होते. 1958 सालीं चार्ल्स कीलिंग ह्यानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां ते सुमारें 315 होते. 2024 सालची तेथील सरासरी 424 च्या वर गेली. हे आंकडे पूर्वीहि मीं लिहीत असें, आणि मुलें ते मुकाट्यानें उतरून घेत. ह्या वेळीं मात्र वर्गांत हात वर झाले. आंकडा वाचण्यापूर्वीं त्यांनीं ती दाटी पायांनीं अनुभवली होती.

ह्याच खेळांत माझ्या हातून दुसरी एक चूक झाली. तीहि सांगितली पाहिजे. कोळशांतील मुलांस बाहेर ओढण्याचें काम मीं एका मुलावर सोंपविलें होतें. वर्तुळांत दाटी झाली तशीं मुलें त्यालाच हिणवूं लागलीं, "हाच सारें बिघडवितो!" त्या मुलाचे वडील औष्णिक वीजकेंद्रांत काम करितात, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. मूल त्या संध्याकाळीं बापाच्या काळवंडलेल्या कपड्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहील, ह्याचा विचार मीं केला नव्हता. मीं त्याची क्षमा मागितली. तेव्हांपासून कोळसा काढणाऱ्याच्या हातीं एक विजेचा दिवा देतों, आणि सांगतों, "काल रात्रीं ज्यांनीं विजेच्या उजेडांत अभ्यास केला, त्यांनीं ह्याच्यामागें येऊन उभें राहावें." सारा वर्ग येऊन उभा राहतो. मग हिणवावयास कोणी उरत नाहीं; आणि हाच उजेड कोळशावांचून कसा मिळेल, हा प्रश्न एकट्याचा न राहतां सर्वांचा होतो. ज्या खेळानें एका मुलाचा बाप खलपुरुष ठरतो, तो खेळ शास्त्राचा नव्हे.

आतां प्रमाणाविषयीं. प्रमाण शिकविण्यास फांशाचीहि गरज नाहीं. वर्गांतील मुलें पुरतात. एक मूल म्हणजे 1,000 अब्ज टन कर्ब असें धरिलें, तर समुद्रांत 38 मुलें उभीं करावीं लागतात, मातींत दोघांस थोडी कमी, आणि हवेंत एकासहि किंचित् कमी. पृथ्वीवरील साऱ्या झाडाझुडपांस मिळून येतें अर्धें मूल! अर्धें मूल कोठून आणावें म्हणून आम्ही पहिलींतील एक चिमुकला विद्यार्थी उसना आणला. तो 'पृथ्वीवरील सर्व अरण्यें' होऊन मोठ्या ऐटींत उभा राहिला. खडकांतील कर्ब दाखवावयाचा तर हजारों मुलें गोळा करावीं लागतील, म्हणून तो प्रयत्न आम्हीं सोडून दिला. समुद्राच्या त्या गर्दीकडे आणि हवेंतल्या एकट्या मुलाकडे पाहून मुलांच्या ध्यानांत आलें कीं, हवेचा सांठा लहान आहे, म्हणूनच त्यांत थोडी भर पडली तरी ती मोठी ठरते.

खेळांतून शिकविणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. आपण जिला सापशिडी म्हणतों, ती मूळची मोक्षपटाची किंवा ज्ञानचौपडीची जातकुळी. त्या पटांत शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. घरोघरीं नांवें लिहिलेलीं असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला. हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या पटावर घरांचीं नांवें उरलेलीं नाहींत. उरले ते आंकडे, साप आणि शिड्या. मुलें तो आवडीनें खेळतात, परंतु त्यांतून कांहीं शिकत नाहींत. पट तोच, फांसा तोच. घरांवरील नांवें पुसलीं गेलीं, आणि शिकवण गेली. कर्बाच्या खेळाचेंहि असें होऊं शकतें. मूल धांवलें, हंसलें, घामाघूम झालें, आणि वहींत कांहींच लिहिलें नाहीं, तर तो खेळाचा तास झाला, शास्त्राचा नव्हे. म्हणून माझा नियम असा आहे कीं, एक तास खेळाचा झाला तर दुसरा तास वहीचा झालाच पाहिजे. त्या तासाला प्रत्येकानें आपला प्रवासवृत्तांत वाचावा, कोठें किती शिट्ट्या घालविल्या तें मोजावें, आणि हा खेळ सृष्टीशीं कोठें जुळत नाहीं तेंहि सांगावें. खेळांतील उणीव दाखविणाऱ्या मुलास मी सर्वांत अधिक शाबासकी देतों.

कित्येक पालक विचारतील, मोबाइलवर व संगणकावर असे खेळ असतांना पटांगणावर चुना कशास सांडावा? त्या खेळांस मी नांवें ठेवीत नाहीं. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन ह्यांनीं 2002 सालीं कोलोराडो विद्यापीठांत सुरू केलेल्या 'फेट' ह्या उपक्रमांतील प्रयोग मीं वर्गांत दाखविले आहेत. हवेंतील वायु उष्णता कशी अडवितो, हें डोळ्यांस न दिसणारें काम पडद्यावर दिसतें. 'एन-रोड्स' नांवाच्या साधनांत तर निरनिराळ्या कळा सरकवून शतकाअखेर पृथ्वी किती तापेल हें पाहतां येतें. तेथें मुलांनीं प्रथम झाडें लावण्याची कळ शेवटपर्यंत सरकविली, आणि तपमानांत फरक थोडाच पडला हें पाहून तीं चकित झालीं. दरवर्षीं आम्ही शाळेंत वृक्षारोपण करितों व भाषणें करितों. झाडें लावलींच पाहिजेत, परंतु कोळशाचा हिशेब झाडांच्या नांवावर फिटत नाहीं, हें कटु सत्य त्या कळेनें दोन मिनिटांत सांगितलें. जें पटांगणावर दाखवितां येत नाहीं त्याकरितां पडदा अवश्य वापरावा. मात्र मूल एकटेंच पडद्यापुढें बसून गुण मिळवीत राहिलें, तर तें कळ दाबावयास शिकतें, कारण शोधावयास नव्हे. त्याच्याशेजारीं 'असें कां झालें?' म्हणून विचारणारें कोणीतरी असावें.

खेळाची किंमतहि प्रामाणिकपणें सांगतों. त्यास दोन तास लागतात. गलका होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, आणि ती रास्त असते. अभ्यासक्रम मोठा, वर्ष लहान. प्रत्येक धडा असा शिकवूं म्हटलें तर वर्ष पुरणार नाहीं, आणि पाठांतराचें मोलहि मी कमी लेखीत नाहीं. सूत्रें, संज्ञा व आंकडे पाठ असलेच पाहिजेत. परंतु जो विषय चक्राचा आहे, ज्यांत एका ठिकाणची गोष्ट दुसऱ्या ठिकाणीं जाऊन पोहोंचते, तो स्तब्ध चित्रानें पुरता कळत नाहीं. तेथें मुलास स्वतः फिरूं द्यावें. आजच्या नववींतील मुलें 2050 सालीं चाळिशीच्या आसपास असतील. शेतीचें, विजेचें, पाण्याचें निर्णय त्यांच्या हातीं असतील. त्या वेळीं त्यांस हें चक्र केवळ चित्र म्हणून आठवलें, तर त्याचा काय उपयोग?

असो. त्या शेतकरी गृहस्थांस मीं तेव्हां एवढेंच म्हटलें होतें, "पुढच्या वेळीं आपण स्वतः या आणि पाहा." ते आले. मुलांच्या बरोबर मातीच्या वर्तुळांत धोतर सांवरून उभे राहिले, आणि चार-पांच शिट्ट्या फांसा टाकला. खेळ संपल्यावर ते विचारांत पडलेले दिसले. मग म्हणाले, "मास्तर, आम्ही शेतांत पऱ्हाट्या जाळतों, तो कर्ब तर ह्याच सालचा. मग त्यांत वाईट काय?"

मला क्षणभर थांबून विचार करावा लागला. इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गांत कोणीं विचारला नव्हता. मीं म्हटलें, "कर्ब ह्याच सालचा, हें आपलें म्हणणें अगदीं बरोबर. हवेच्या हिशेबांत तो कोळशासारखा नव्हे. पण त्यांतला जो वांटा कुजून आपल्या मातीला मिळावयाचा, तो धुराबरोबर गेला. माती तपासण्याच्या कागदावर आंकडा उतरतो तो असा." ते हंसले आणि मुलाकडे वळून म्हणाले, "लिहून घे रे, वहींत."

पालकांनो, माझी विनंती इतकीच आहे. मूल घरीं येऊन 'आज आम्ही शाळेंत खेळलों' असें म्हणालें, तर रागावूं नका, आणि नुसतें कौतुकहि करूं नका. त्याची वही मागा. 'आजच्या भाकरींतला कर्ब गेल्या वर्षीं कोठें होता?' असें त्याला विचारा. त्यानें नीट उत्तर दिलें, तर त्या दिवशींचे फांसे सत्कारणीं लागले. उत्तर देतां आलें नाहीं, तर मला बोलवा. चूक माझी असेल, आणि फांसे मीं पुन्हां नवे करीन.

— शास्त्रविषयाचा एक शिक्षक